आई वारली जमातीची होती, हे ती गेल्यावर कळलं. तिच्या पाड्यावरच्या लग्नाला कशी जाऊ?

नमस्कार. मी एकसष्ट वर्षांची, पोस्टातून निवृत्त, डोंबिवलीला राहते. मागच्या श्रावणात आई गेली. तिच्या शिवणाच्या डब्यात मनीऑर्डरच्या एकतीस पावत्या निघाल्या. 1979 ते 2009, दरवर्षी दिवाळीच्या तोंडावर एक. नाव एकच, तलासरी तालुक्यातल्या एका पाड्यावरचं. शिक्का कल्याणचा. मी डोंबिवलीत खिडकीवर बसायचे, पण माझ्या खिडकीवर ती कधीच आली नाही.

पत्ता शोधत गेले. अंगणात एक म्हातारा बसला होता. आईचं नाव घेतलं तर त्याने माझा हातच धरला. माझे मामा, आईचे सख्खे चुलतभाऊ. त्यांनी सांगितलं की आजोबांनी लग्नासाठी मालकाकडून कर्ज काढलं होतं आणि त्यापायी नवराबायको दोघं त्याच्या घरी राबत होती. लग्नगडी म्हणायचे अशांना. पुढे नऊ वर्षांच्या आईला दादरला एका घरी मूल सांभाळायला पाठवलं. माझे वडील गिरणीत, मूळचे रत्नागिरीकडचे कुणबी. लग्नाच्या वेळी त्यांनी आपल्या आईला सांगितलं की मुलगीही कुणबीच आहे. ते सांगणं आईने जन्मभर निभावलं.

आता एक आठवण डोक्यातून जात नाही. 1988 साली माझ्या लग्नाच्या आदल्या रात्री तिने स्वयंपाकघराला आतून कडी लावली होती. मी पहाटे उठले तर भिंतीवर गेरूचा पट्टा, त्यावर तांदळाच्या पिठाने काढलेला चौकोन, आत एक बाई, भोवती झाडं. पाहुणे यायच्या आत तिने त्यावर चुना मारला. विचारलं तर म्हणाली, "ओल आली होती." मी पुन्हा विचारलं नाही. आज त्याचंच वाईट वाटतं.

वैशाखात मामांच्या नातीचं लग्न आहे, मला बोलावलंय. काय घेऊन जाऊ? आणि मी स्वतःला वारली म्हणू शकते का? मुलगा म्हणतो जमातीचा दाखला काढ, तुझ्या नातीला उपयोग होईल. माझं मन घेत नाही.

निवृत्त अव्वल कारकून:
ताई, आधी दाखल्याचं सांगतो. जमात सर्वसाधारणपणे वडिलांकडून धरतात. आई आदिवासी आणि वडील बिगर-आदिवासी असतील, तर मूल आईच्या समाजात वाढलं, त्या समाजाने त्याला आपलं मानलं, हे सिद्ध करावं लागतं. तुम्ही स्वतःच तसं वाढला नाहीत, मग नातीचं काय घेऊन बसलात? तो विषय सोडा. आजोबांची नोंद मात्र जरूर शोधा. जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदी, गाव नमुना 14, तहसीलच्या अभिलेख कक्षात असतात. काही मोडीत असतील, वाचणारा सोबत न्या. आजोबांच्या नावापुढे "वारली" लिहिलेलं स्वतःच्या डोळ्यांनी बघणं वेगळंच असतं.

विक्रमगडचा मास्तर:
मी वारली आहे. ताई, तुमच्या आईने काढला तो लग्नाचा चौक. मधली बाई म्हणजे पालघट देवी. तो सवाशिणी काढतात आणि त्याशिवाय आमच्यात लग्न लागत नाही. आमचं लग्न लावते धवलेरी, बाईच, गाणी म्हणत. तुमच्या आईने एकटीने, दार लावून, गाण्याशिवाय तो काढला. तिच्या लेखी तुमचं लग्न चौकापुढेच लागलं.

लग्नगड्यांचं मामांनी सांगितलं ते खरं. 1945 साली झरीला सभा झाली, वेठ करणार नाही म्हणून आमची माणसं उभी राहिली. 10 ऑक्टोबरला तलवाड्याला गोळीबार झाला, जेठ्या गांगड त्यात गेले. मामांना त्या काळाबद्दल विचारा.

जाताना जुन्या साड्यांचं गाठोडं नेऊ नका. शहरातून येणारे बहुतेक तेच आणतात. घरच्या लग्नाला नेतो तसा आहेर न्या. फोटो विचारून काढा. दोन दिवस आधी जा आणि कामाला हात लावा.

रायगडकर:
माझी आजी कातकरी होती, हे मला पन्नाशीत कळलं. "निवांत झालो की जाऊ" म्हणत सहा वर्षं काढली. गेलो तेव्हा वाडी होती, पण तिला ओळखणारं कुणी उरलं नव्हतं. वैशाखाची वाट बघू नका. मामांशी आजच बोला.

प्रश्नकर्ती:
सगळ्यांचे आभार. मास्तर, तुमचं उत्तर नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवताना मध्येच थांबावं लागलं. दाखल्याचं मुलाला समजावलं, नोंद शोधायला तो माझ्यासोबत येतोय.

काल फोन केला. मामी म्हणाल्या, "तुझा नवरा आहे ना, मग तूही सवाशीण. चौकाला बस." मग विचारलं, आईने काढलेल्या चौकाच्या कडेला साखळी होती का? मला आठवेना. तेव्हाची आमची चाळ 2006 सालीच पाडली. मामी म्हणाल्या, "ये तू. काढायला लागलीस की आठवेल."

तांदूळ इथून नेऊ का विचारलं, तर नको म्हणाल्या, घरचा आहे. दिव्याहून वसई, तिथून डहाणू लोकल, पुढे एसटी. दोन दिवस आधीच निघते आहे.