अनुभव धागा : अंगणातला आणि गेटपर्यंतचा गाळ काढायला कुठलं फावडं टिकतं?

मृग तोंडावर आला की आमच्या आगोटीच्या (पावसाळ्याआधीच्या बेगमीच्या) यादीत सुकी मासळी, डाळी, लाकूडफाटा यांच्या खाली फावडं हमखास असतं. रत्नागिरी तालुक्यात आमचं घर उतारावर आहे. पाऊस लागला की वरच्या डोंगराची लाल माती वाहून रस्त्यापासून बेड्यापर्यंत (फाटकापर्यंत) साचते. गाडी आत घ्यायची तर ती काढावीच लागते, नाहीतर चाकं जागच्या जागी फिरत राहतात. आमच्या किनारपट्टीवर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. त्यामुळे हे काम एकदा केलं आणि सुटलो असं होत नाही. जोराची सर येऊन गेली की पुन्हा कंबर कसायची.

मी दुकानात फावडं आधी उलटं करून बघते. पातं आणि दांडा बसायचं नेढं एकाच तुकड्यातून घडवलेलं असेल तर डोळे मिटून घ्यावं. नेढं वेगळं करून वेल्डिंगने जोडलेलं असेल तर सांध्यावरून बोट फिरवावं. तिथे खड्डे, फुगे लागले की समजायचं, खाऱ्या हवेत पहिला गंज तिथे धरणार आणि पहिला तडाही तिथेच जाणार. मग फावडं नेढ्यात बोट घालून टांगतं धरायचं आणि पात्यावर हलकेच ठोकायचं. एकसंध पोलाद खणकन वाजतं, कुठे भेग असेल तर आवाज बद्द येतो. आमच्याकडे सासऱ्यांच्या वेळचं टाटा अ‍ॅग्रिकोचं घडीव फावडं आहे. पातं झिजून आखूड झालंय, पण वाकलेलं नाही. आता दुसरं घ्यायचंय, म्हणून हा धागा काढला.

तुमच्याकडे काय चालतं ते सविस्तर लिहा. माती कसली, उतार किती, काम करणारं माणूस कोण, तेही सांगा. नुसतं ‘अमुक घ्या’ म्हटल्याने दुसऱ्याला उपयोग होत नाही.

चिपळूणहून

ताई, आमचा अनुभव पुराच्या गाळाचा आहे. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं. ते ओसरल्यावर घरात, जिन्याखाली, गल्लीत सगळीकडे गाळच गाळ होता. तेव्हा एक गोष्ट पक्की कळली, ती म्हणजे घरातल्या लादीवर फावडं चालवू नये. फावडं वरून मारून आपल्याकडे ओढायचं असतं, त्यात लादीचे टवके उडतात. लादीवर आणि काँक्रीटवर सरळ दांड्याचा, चौकोनी तोंडाचा बेलचा घ्यावा. तो जमिनीलगत पुढे सरकवत नेता येतो. टोकदार तोंडाचा बेलचा खणायला चांगला, पण खरवडताना दर वेळी दोन्ही बाजूंना गाळ सोडत जातो.

गाळ जड किती असतो याचा अंदाज नवख्या माणसाला येत नाही. एक घनफूट ओला गाळ पन्नास किलोच्या आसपास भरतो. त्यामुळे मोठ्या पात्याच्या मोहात पडू नका. आम्ही बेलच्याच्या गळ्याशी दोरी बांधली होती. एकाने दांडा धरून पातं गाळात घालायचं, समोरच्याने दोरी ओढायची. दोघांवर भार वाटला गेला की दुपारपर्यंत दम टिकतो. दाराबाहेर ढकलायला मात्र रुंद लाकडी फळीला काठी ठोकून केलेलं ढकलणं सगळ्यात कामाला आलं, आणि त्याला पैसेही पडले नाहीत.

आणि गाळ ओला आहे तोवरच काढा. ऊन पडून वरचा थर तडकला की कुदळ आणावी लागते.

मालवणहून

माका लोहाराकडचाच फावडा बरा वाटता. बाजारातला हलक्या पत्र्याचा असता, चिऱ्याक लागला की कड दुमडता. आमचो लोहार ट्रकच्या जुन्या कमानपाट्याचा पाता करून दिता. वजनाक जड, पण मोडणा नाय. मिरगाच्या आदी नेऊन दिला की धार काडून, नेढा ठोकून परत दिता.

गुहागरहून

मालवणच्या दादांचं खरं आहे, पण जड फावडं प्रत्येकाला झेपत नाही. आमच्या घरी मी आणि माझी जाऊ, दोघीच असतो, दोघी साठीच्या पुढच्या. आम्हाला दोन किलोच्या आतलंच फावडं लागतं. पात्यापेक्षा आमचा जीव दांड्यात. दुकानात तयार दांडा असतो तो फार आखूड, तो धरून काम केलं की कंबर संध्याकाळी बोलायला लागते. जमिनीवर टेकवून छातीपर्यंत येईल एवढा दांडा आम्ही मुद्दाम करून घेतला. आता वाकावं लागतं ते निम्म्याने कमी झालं. दांडा ओला झाला तरी हात न घसरणारा असावा. रंग किंवा चकचकीत पॉलिश असेल तर काचेने खरवडून काढा, पावसात हात सटकतो.

घमेलं प्लॅस्टिकचं घ्या. लोखंडाचं आमच्याकडे तळातून गंजून जातं. प्लॅस्टिकचं फक्त उन्हात टाकू नका, कडा कुरकुरीत होऊन तुटतात. आणि ते काठोकाठ भरायचं नाही हे घरातल्या तरुण मुलांना आवर्जून सांगा.

सावंतवाडीहून

आंबोलीचा पाऊस आमच्यापासून लांब नाही. वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडणारा तो डोंगर डोक्यावर आहे, त्यामुळे आमच्या दांड्यांची परीक्षा भारीच. पाइपाचा लोखंडी दांडा वापरून बघितला. ओला झाला की हातात फिरतो, आत पाणी शिरलं की आतून गंजतो आणि बाहेरून काही दिसत नाही. लाकूडच बरं. ऐनाचा किंवा किंजळीचा, सरळ रेषांचा, गाठ नसलेला दांडा निवडावा. दांडा डोळ्यासमोर धरून टोकापासून टोकापर्यंत नजर टाकावी. रेषा मध्येच तिरकी होऊन कडेला बाहेर पडत असेल तर तो तिथेच फाटणार.

दांडा ढिला झाला की बरेच जण फावडं पाण्यात बुडवून ठेवतात. लाकूड फुगतं, तेवढ्यापुरतं घट्ट होतं. सुकलं की आधीपेक्षा जास्त ढिलं. पाचर मारा, तीही सुक्या लाकडाची. पाऊस सुरू होण्याआधी दांड्याला अळशीचं तेल दोनदा चोळून मुरू द्यावं. घरात उंडीचं कडू तेल असेल तर तेही चालतं.

टोरोंटोहून, मूळ देवगडची

इथे माझा हिवाळा बर्फ काढण्यात जातो, म्हणून लिहिते. गेल्या खेपेला आईने विचारलं, तुमच्याकडचं ते रुंद फावडं आणशील का चिखलाला? मी नाही म्हटलं. बर्फाचं फावडं रुंद, प्लॅस्टिकचं आणि हलकं असतं, कारण ताजा भुसभुशीत बर्फ चिखलाच्या मानाने अगदीच हलका असतो आणि तो उचलण्यापेक्षा ढकलायचा असतो. लाल मातीच्या ओल्या भाराखाली ते पातं चिरेल. इथेसुद्धा रस्ता साफ करणारी गाडी गेली की ड्राइव्हवेच्या तोंडाशी जो घट्ट, खडबडीत ढीग पडतो, त्याला प्लॅस्टिक पुरत नाही. त्यासाठी मी लहान तोंडाचं धातूचं फावडं वेगळं ठेवलंय. प्लॅस्टिकचं घेतानाही कडेला धातूची पट्टी आहे का ते बघते. ती नसेल तर काँक्रीटवर घासून कड लवकर जाते.

इथली एक रीत मात्र कोकणात जशीच्या तशी चालली. बर्फ चिकटू नये म्हणून पात्याला मेण किंवा सिलिकॉनचा फवारा मारतात. आईने काम सुरू करण्याआधी पात्याला खोबरेल चोपडलं आणि शेजारी पाण्याची बादली ठेवली. मध्येमध्ये पातं बुडवलं की चिकट माती सुटून येते. नाहीतर दर फेऱ्याला निम्मी माती पात्यालाच राहते आणि माणूस तेच वजन परत परत उचलतो.

आणखी एक. इथे बर्फ उपसताना हृदयविकाराचा झटका येण्याचं प्रमाण मोठं, म्हणून डॉक्टर दरवर्षी बजावतात. चिखलाचं कामही तितकंच जोराचं आहे. सत्तरीच्या बाबांना अंगमेहनतीची सवय असली तरी हे काम एका दमात करू देऊ नका. छातीत दडपलं, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ आली तर फावडं टाकून थेट दवाखाना.

श्रीवर्धनहून

आमच्याकडे चिखलापेक्षा पुळण जास्त. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर वाडीत आडव्या झालेल्या पोफळी आणि माडांखालची वाट मोकळी करताना वाळू, झावळ्या, तुटके पत्रे असं सगळं एकत्र होतं. वाळू चिकटत नाही, गळते. तिला कडा वर वळलेला खोलगट बेलचा पाहिजे. झावळ्या आधी दाताळ्याने ओढून घ्याव्यात, त्यांच्यावर फावडं मारून काही होत नाही.

देवगडहून

कातळावरचं घर असेल तर पत्र्याची जाडी विचारा. गेजचा आकडा जितका लहान तितका पत्रा जाड. १८ गेज म्हणजे साधारण सव्वा मिलिमीटर, १४ गेज म्हणजे दोन मिलिमीटर. कातळावर सव्वा मिलिमीटरचं पातं पहिल्याच पावसात दातेरी होतं. आमच्या इथल्या एका दुकानदाराने मला जाड म्हणून पातळ विकलं होतं, वर रंगाचा जाड थर. तेव्हापासून कडेचा रंग नखाने खरवडून, उघड्या कडेची जाडी बघूनच पैसे देतो. जुनं झिजलेलं फावडं टाकून देऊ नका. कातळ खरवडायला तेच वापरा आणि नवं मातीसाठी राखा.

मुंबईहून, घर संगमेश्वर तालुक्यात

आम्ही गणपतीला येतो तेव्हा पाखाडीवर (पायऱ्यांच्या वाटेवर) गाळ, गवत आणि शेवाळ साचलेलं असतं. वर्षातून एकदाच लागणारं महागडं फावडं बंद घरात गंजत ठेवणं मला पटत नाही. आमच्या वाडीतल्या घरांनी वर्गणी काढून दोन चांगली घडीव फावडी, एक चौकोनी बेलचा आणि एक पहार घेतली. ती बारमाही राहणाऱ्या एका काकूंच्या पडवीत असतात. त्या ती वापरतात, धुऊनपुसून ठेवतात, आणि दांडा बदलायचा खर्च आम्ही चाकरमानी देतो.

रत्नागिरीहून, धागा काढणारी

सगळ्यांचे आभार. संगमेश्वरच्या दादांना एक विचारायचं आहे. पावसाळा संपल्यावर काकू पात्याला काय लावतात? आम्ही माती पूर्ण धुऊन, चुलीजवळ सुकवून, जुन्या इंजिन ऑइलचा बोळा फिरवतो आणि खिळ्याला टांगतो, जमिनीवर ठेवत नाही. तरी नेढ्याच्या आतल्या बाजूला गंज येतोच. दांडा काढून आतूनही तेल लावावं का? आणि गुहागरच्या ताई, छातीपर्यंतचा दांडा कुठल्या लाकडाचा केलात, तेही लिहा.