उत्तर: श्विनटेक स्लाइड आत येताना तिरकी होऊन अडकणे

वर विचारलंय की आरव्हीची (फिरत्या घराची) स्लाइड, म्हणजे गाडी उभी असताना बाहेर सरकणारा खोलीचा भाग, बाहेर नीट जाते, आत येताना मात्र एक बाजू मागे राहते आणि मग सगळंच थांबतं. वर्णनावरून ही भिंतीतली श्विनटेक यंत्रणा दिसते: दोन्ही बाजूंना एकेक मोटर, मध्ये जोडणारा दांडा नाही, दोन्ही मोटरींचा ताळमेळ सगळा कंट्रोलरच्या (इलेक्ट्रॉनिक नियंत्रण पेटीच्या) हाती.

मोटरवर संशय घेण्याआधी कंट्रोलरच्या टर्मिनलवर व्होल्टेज मोजा, तेही बटण दाबलेलं असताना. विश्रांतीत 12.6 व्होल्ट दिसून मोटर चालताना धाडकन खाली येत असेल, तर बॅटरी किंवा अर्थिंगची गंजलेली जोडणी बघा. निम्म्या तक्रारी तिथेच मिटाव्यात. कंट्रोलरवरच्या लाल दिव्याची उघडझाप मोजून ठेवा, तो एरर कोड. हिरवा एकदा किंवा दोनदा लुकलुकला तर दोष कोणत्या मोटरचा ते कळतं.

मग ताळमेळ: स्लाइड पूर्ण बाहेर काढा, मोटरी आपोआप बंद होईपर्यंत बटण सोडू नका. एक-दोन इंच आत घ्या, पुन्हा बाहेर. दोन्ही मोटरी एकाच वेळी थांबेपर्यंत हेच. बहुतेक जण बटण लवकर सोडतात, त्यामुळे फरक साचत जातो.

रस्त्यातच अडकलात तर कंट्रोलरवरचं मोड बटण सहादा भराभर दाबा, सातव्यांदा पाचेक सेकंद धरून ठेवा. दोन्ही दिवे लुकलुकले की भिंतीवरच्या स्विचने आत घ्या. इथे ताळमेळ बंद असतो, म्हणून बाहेर एक माणूस उभा हवाच.

स्लाइडच्या बाजूला असलेल्या, जिच्यावर ती सरकते त्या दातेरी पट्टीला ग्रीस नको, धूळ धरतं. कोरडा ल्युब्रिकंट स्प्रे पुरे.