आईला सारखं युरिन इन्फेक्शन होतंय, क्रॅनबेरीचा उपयोग होतो का?

कोथरूडकर: आईचं वय ६८, शुगर आहे. वर्षभरात तीनदा युरिन इन्फेक्शन झालं. दर वेळी जळजळ, रात्री पाच-सहा वेळा उठणं, मग अँटिबायोटिक. शेजारच्या काकूंनी सुचवलं म्हणून दुकानातून पाव किलो सुकी क्रॅनबेरी आणली. आई रोज मूठभर खाते, "बेदाण्यांसारखी गोड आहेत की" म्हणते. खरंच फरक पडतो का? आणि ही म्हणजे आपली करवंदंच ना?

बोस्टनवासी: ताई, आधी त्या पाकिटामागचं वाचा. मी मॅसॅच्युसेट्समध्ये राहते. इथे ऑक्टोबरात क्रॅनबेरीच्या शेतात पाणी सोडतात. फळाच्या आत हवेचे चार कप्पे असतात, त्यामुळे फळं वर येऊन तरंगतात आणि सगळं शेत लालभडक दिसतं. त्यातलं एक ताजं फळ मी चावून पाहिलं. इतकं आंबट-तुरट की दात आंबले! १०० ग्रॅम ताज्या फळात साखर जेमतेम ४ ग्रॅम. आई खातात ती गोडी वरून घातलेल्या साखरेची आहे. अशा सुक्या फळात १०० ग्रॅमला ६०-७० ग्रॅम साखर असते. शुगर असलेल्या माणसाला रोज मूठभर नकोच.

फायद्याचं म्हणाल तर, हे इन्फेक्शन बहुतेक वेळा ई. कोलाय जंतूमुळे होतं. क्रॅनबेरीतल्या प्रोअँथोसायनिडिन नावाच्या द्रव्यांमुळे त्याला मूत्राशयाच्या आतल्या बाजूला चिकटून राहणं अवघड जातं. कॉक्रेन ही संस्था उपचारांवरचे अभ्यास एकत्र करून तपासते. तिच्या २०२३ च्या आढाव्यात ५० अभ्यास होते. वारंवार त्रास होणाऱ्या बायकांमध्ये इन्फेक्शनचा धोका सुमारे पाव भागाने कमी दिसला. मात्र वृद्धाश्रमातले लोक, गरोदर बायका आणि लघवी पूर्ण न होणारे लोक यांच्यात तसा फायदा दिसला नाही.

आणि हे कळकळीने सांगते. इन्फेक्शन झाल्यावर मी चार दिवस नुसता ज्यूस पीत बसले. पाचव्या दिवशी हुडहुडी भरून १०३ ताप, पाठीत कळ, इन्फेक्शन किडनीपर्यंत गेलेलं. तीन दिवस सलाईनवर होते. क्रॅनबेरी झालीच तर पुन्हा होऊ नये म्हणून. झालेलं बरं करायला नाही.

रत्नागिरीचा: करवंद नव्हे हो. करवंद तोडलं की देठातून पांढरा चीक येतो, ते कण्हेरीच्या कुळातलं. क्रॅनबेरी ब्लूबेरीची नातलग. करवंदं आवडीने खा, पण ह्या कामासाठी नको.

नाशिक_फार्मसी: आई रक्त पातळ करायला वॉरफेरिन घेत असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय क्रॅनबेरी सुरू करू नका. मुतखडा होऊन गेला असेल तर तेही सांगा. ज्यूसच्या बाटलीवर फळाचा रस किती टक्के ते बघा, बऱ्याच बाटल्यांत पाणी आणि साखरच जास्त. शुगर असल्यामुळे कॅप्सूल बरी, तीही विचारूनच. पाळी गेल्यानंतर असा त्रास वाढतो. त्यावर योनीमार्गात लावायचं इस्ट्रोजेन क्रीम मिळतं आणि त्याने फरक पडतो. आपल्या बायका लाजेपायी हे विचारतच नाहीत. तुम्ही विचारा.

कोथरूडकर: पाकीट पाहिलं. क्रॅनबेरीनंतर लगेच साखरच लिहिलीय. वॉरफेरिन नाही, पण दहा वर्षांपूर्वी मुतखडा झाला होता. मी विसरूनच गेले होते. उद्या सकाळी युरिन कल्चरला (लघवीत कोणते जंतू आहेत त्या तपासणीला) देतेय. क्रीमचं आईसमोर बोलायला मलाच अवघडतं, म्हणून चिठ्ठीवर लिहून नेतेय.