राणीछाप (व्हिक्टोरिया राणीचा चांदीचा) रुपया १८८५, ग्रेड, म्हणजे नाणं किती झिजलंय त्याची श्रेणी, काय धरायची?

प्रश्न: तारीख एकदम कडक आहे, मुकुट पण ठीक, फक्त गाल आणि कानावरचे केस सपाट झालेत. विकणारा एक्सएफ (एक्स्ट्रीमली फाइन, म्हणजे अगदी कमी झिजलेला) म्हणतोय, घेऊ का?

उत्तर: तारखेवर जाऊ नका हो. आधी झिजतात ते उंच भाग, म्हणजे गाल, केस, झग्यावरची नक्षी. केसच सपाट असतील तर माझ्या मते फार तर व्हीएफ (व्हेरी फाइन, एक्सएफच्या खालची ग्रेड).

उत्तर: वजन पण करा, मूळ ११.६६ ग्रॅम, झिजलेला जरा कमी भरतो. आणि दिव्याखाली तिरका धरून फिरवा, मोकळ्या जागेत एकाच दिशेने बारीक ओरखडे दिसले तर कोणीतरी पावडरने घासलाय, मग ग्रेड कितीही सांगू दे भाव पडतोच. काळपट थर असेल तर राहू द्या, प्लीज चिंच-बिंच लावू नका!

प्रश्नकर्ता: नक्षी अर्धीच दिसतेय. व्हीएफच्या भावानेच मागतो.