दहावीत किती, कॉलेजात किती? खरं सांगा

भाचीला दहावीत ९६ टक्के. ताई म्हणाली, तुझीही गुणपत्रिका आण, बघू. ट्रंकेत सापडली. मार्च १९९९, गणितात १५० पैकी १४७. याच दिवट्याला इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी एम-वनमध्ये, म्हणजे गणिताच्या पहिल्या पेपरात, २३! पासिंग ४०. भिंतीवर डकवलेल्या निकालावर पट्टी धरून तीनदा बघितलं, ओळ चुकली असेल म्हणून. भूमितीची प्रमेयं मला आकृतीतल्या अक्षरांसकट पाठ होती. 'अबक'चं 'पफब' केलं की मी गार. बोर्डाने कधी केलं नाही, कॉलेजने पहिल्याच पेपरात केलं. तुमचं काय?

घाटावरचा: एम-वन 😭 जखमेवर मीठ. माझी तर एम-थ्रीपर्यंत केटीची, म्हणजे नापास विषय पुढे ओढत नेण्याची, लोकल चालू होती.

शाईपेन: दहावी ५२ टक्के, गणितात ३५, तेही ग्रेसने. डिप्लोमा केला, मग डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला. नव्वदवाले माझ्या ड्रॉइंग शीटवरून जीटी, म्हणजे ग्लास ट्रेसिंग, मारायचे. खाली ट्यूबलाइट, वर काच, त्यावर माझी शीट. एकाने माझं नावसुद्धा ट्रेस केलं होतं.

घाटावरचा: 😂😂 तो आता मॅनेजर असणार

शाईपेन: आहे. माझाच.

कढीपत्ता: मी मराठी माध्यम, ८९ टक्के. अकरावीत सर 'अ‍ॅक्सलरेशन' म्हणत होते आणि मी पुस्तकात त्वरण शोधत होते. व्हॅलन्सी म्हणजे आपली संयुजा, हे दिवाळीच्या सुट्टीत कळलं. बारावीला ६१. आई महिनाभर नीट बोलली नाही. बीएस्सीच्या शेवटच्या वर्षी कुठे गाडी रुळावर आली, फर्स्ट क्लास. डोकं तेच होतं हो, भाषेने दोन वर्षं खाल्ली. कुकर झाला, येते.

बाकावरून: आम्ही २०१० चे, बेस्ट ऑफ फाइव्हची पहिली बॅच, म्हणजे टक्के फक्त सर्वाधिक गुणांच्या पाच विषयांवर. बोर्डाने माझं इंग्रजी झाकलं, बीकॉमच्या पहिल्या व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, उघडं पडलं.

मावशी_नाशिक: पेढे कुठून आणलेत? आमच्याकडचे हल्ली नुसती साखर.

घाटावरचा: मावशी, विषय काय, तुमचं काय 😄

मावशी_नाशिक: अरे बाळा, मी दहावी नापास. पेढ्यांवर बोलायचा हक्क माझाच.

कढीपत्ता: आले. दादा, भाची कुठे जाणार? सायन्स का?

धागाकर्ता: आर्ट्‌स म्हणतेय. ताईने पेढ्यांचा डबा परत कपाटात ठेवलाय.