प्रौढांच्या मास्तरांना 'सात मंत्र' नकोत, मागचं बाक हवं

डिचोलीचा_मास्तर
परवा एक पोस्ट सगळीकडे फिरली. प्रौढांना शिकवणाऱ्यांसाठी सात मंत्र! हसतमुख राहा, सुरुवातीला खेळ घ्या, डोळ्यांनी शिकणारा कोण, कानांनी कोण, हातांनी कोण ते ओळखून तसं शिकवा. शेवटी तो पिरॅमिड होताच: माणूस वाचलेलं १० टक्के लक्षात ठेवतो, ऐकलेलं २० टक्के, स्वतः केलेलं ९० टक्के. मी गप्प बसणार होतो. पण आमच्या केंद्राच्या ग्रुपवर तीच पोस्ट 'सर्वांनी अंमलात आणावी' या शेऱ्यासह येऊन पडली, तेव्हा डोकं फिरलं.

हा पिरॅमिड ज्याच्या नावावर खपवतात, त्या एडगर डेल या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाने १९४६ साली अनुभवांचा शंकू मांडला, त्यात एकही टक्केवारी नव्हती. आकडे मागाहून चिकटवलेले आहेत. इतके गुळगुळीत आकडे बघून कुणालाच संशय येऊ नये? 'शिकण्याच्या शैली'चंही तेच. हॅरोल्ड पॅशलर हा मानसशास्त्रज्ञ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये तोवरचे अभ्यास तपासले. शैली बघून शिकवल्याने माणूस जास्त शिकतो, असं म्हणण्याइतका पुरावा त्यांना मिळाला नाही.

आता आमच्या वर्गात काय चालतं ते सांगतो. संध्याकाळच्या कॉम्प्युटर बॅचला गोव्याच्या खाणपट्ट्यातले ट्रकवाले येतात. २०१२ ला खाणी बंद, मग थोड्या सुरू, २०१८ ला परत बंद, तेव्हा ट्रक विकून टाकलेली माणसं. भरलेला टिपर उतारावरून सुखरूप आणणारा हात माऊसवर थरथरतो. डबल क्लिकचे दोन क्लिक इतक्या अंतराने पडतात की फोल्डर उघडायच्या ऐवजी त्याचं नाव निळं होतं आणि बदलायला मागतं. काका घाबरतात. तेवढ्यात आमचा इन्स्ट्रक्टर मागून येतो, माऊस काढून घेतो, टक् टक्, 'हे बघा, झालं!' काय झालं? काका त्यानंतर हातच लावत नाहीत.

ही खोड करणाऱ्याला स्वतःला दिसत नाही. दुसऱ्या इन्स्ट्रक्टरने मागच्या बाकावर बसावं, तासात माऊस किती वेळा हिसकावला एवढंच मोजावं आणि नंतर चहा पिताना सांगावं. शिक्षक याने सुधारतो. मंत्रांनी नाही.

फर्मागुडीचा_फिटर
मास्तर, आयटीआयत जन्म गेला माझा. तुम्ही नवीन काय सांगितलंत? आमचे इन्स्ट्रक्टर सीआयटीएस, म्हणजे आयटीआयत शिकवायला शिकवणारा कोर्स, करून येतात. तिथे डेमो पाठ द्यायचा, बाकीच्यांनी चिरफाड करायची, हाच धंदा. मायक्रोटीचिंग म्हणून हे स्टॅनफर्डला १९६३ मध्ये सुरू झालं. तुमच्या केंद्रात धड ट्रेनिंग न झालेले लोक घेतात, हा खरा रोग. त्यावर एक अक्षर नाही.

आणि 'हिसकावू नका' हे कॉम्प्युटरपुरतं ठेवा. लेथच्या चकमध्ये ती आवळायची चावी, चक की, तशीच विसरून पोराने स्विचकडे हात नेला, तर मी काय 'विचार करा बरं' म्हणत उभा राहू? हात धरूनच ओढावा लागतो.

डिचोलीचा_मास्तर
फिटरकाका, की उडून डोळा फुटण्याची वेळ आणि फोल्डर उघडण्याची वेळ यात फरक आहे, एवढं तरी द्याल की नाही? बाकी सीआयटीएसबद्दल मान्य. पण ते सर्टिफिकेट घेतल्यानंतर वीस-पंचवीस वर्षं त्या माणसाच्या वर्गात कोण डोकावतं?

पणजीची_प्रशिक्षिका
टीका करायला काय लागतं? पहिल्या दिवशी बायका पदर सावरून भिंतीला टेकून बसतात, नाव विचारलं तरी शेजारणीकडे बघतात. खेळ घेतला की हसतात, मग बोलतात. तुमचे पॅशलर येऊन बोलवून दाखवतील का त्यांना? आणि प्रौढांना वेगळं शिकवावं लागतं हे प्रौढशिक्षणातल्या माल्कम नोल्सने केव्हाच सांगून ठेवलंय. अनुभवाचा मान ठेवा, उपयोग काय ते आधी सांगा.

डिचोलीचा_मास्तर
ताई, त्याच नोल्सने १९७० मध्ये मुलं विरुद्ध प्रौढ असा सामना लावला आणि १९८० च्या आवृत्तीत स्वतःच पवित्रा मवाळ केला. आणि खेळाचं म्हणाल तर आमच्या एका बॅचला फुगे फुगवायला लावले होते. एक आजोबा उठले, 'आमी कितें भुरगीं?' (आम्ही काय लहान मुलं?) म्हणाले आणि चालू पडले. अनुभवाचा मान तो हाच का?

सत्तरीची_सून
तुम्ही सगळे शिकवणारेच भांडताय. शिकणारी बोलू का? आमच्या बचत गटाला आगळ (कोकमाचा खारवलेला रस) आणि लोणच्याच्या लेबलाचं प्रशिक्षण होतं. साहेब बाहेरून आलेले. स्लाइड इंग्रजीत, बोलणं हिंदीत. आम्ही बहुतेक मराठी शाळेत चौथी-सातवी शिकलेल्या. 'समझ में आया?' विचारलं की सगळ्या मान हलवायच्या, कारण मान हलवली की जेवणाची सुट्टी. घरी आल्यावर बॅच नंबर म्हणजे काय, तारीख बनवल्याची घालायची की बाटलीत भरल्याची, एकीला सांगता येईना. शेवटी माझ्या दहावीतल्या मुलीने मराठीत लिहून दिलं, तो कागद अजून फ्रिजवर आहे.

मडगावचो_पात्रांव
वयनी, मराठी कित्याक? घरात कोंकणी, बाजारात कोंकणी आणि कागद मराठीत? १९८७ पासून कोंकणी राजभाषा आहे या राज्याची. प्रशिक्षण कोंकणीतच व्हायला हवं, विषय संपला.

सत्तरीची_सून
त्याच कायद्यात मराठीच्या सरकारी वापरालाही जागा आहे, तेवढं पान उलटा. आमी कोंकणी उलयतात, पेपर मराठी वाचतात. पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांच्या काळात गावोगाव मराठी शाळा निघाल्या म्हणून माझी सासू वाचायला शिकली. तिच्या हातात कोंकणी कागद दिला तर ती वाचेल, पण अडखळत. तिला लेबल शिकायचंय, तुमचं आंदोलन नाही.

मडगावचो_पात्रांव
आलं परत! भाषेचा प्रश्न काढला की आंदोलन. तुमच्यासारख्यांमुळेच

म्हापशेकर
पात्रांव, अर्धवट वाक्य टाकून पळू नका. आणि एक सांगा, सासष्टीतल्या ख्रिस्ती बायकांना तुमचा देवनागरी कोंकणी कागद चालेल? त्या रोमी, म्हणजे रोमन लिपीतली कोंकणी वाचतात. म्हणजे तुमच्या दारातच तुमचा नियम अडला.

मडगावचो_पात्रांव
पळत नाही, जेवत होतो. रोमीचं खरं आहे. ठीक, बोला कोंकणीत आणि कागद कुठल्या लिपीत हवा ते बसलेल्यांना विचारून द्या. खूश? पण हिंदीत 'समझ में आया' म्हणणाऱ्याला आधी घरी पाठवा, त्यावर माझं आणि वयनीचं एकमत.

सत्तरीची_सून
एकमत नाही. माणूस हिंदीत बोलला तरी चालला असता. त्याने 'समजलं का' विचारलं हाच घोळ. 'तुमच्या बाटलीवर आत्ता काय लिहाल, लिहून दाखवा' म्हटलं असतं तर पाच मिनिटांत त्याला कळलं असतं आमच्या डोक्यात काय शिरलंय ते.

डिचोलीचा_मास्तर
वहिनी, लाखातलं बोललात. शिकलेलं कागद न बघता आठवून काढायला लावलं की ते जास्त टिकतं, हे रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांवर प्रयोग करून दाखवलंय. नुसतं पुन्हा वाचून तेवढं टिकत नाही. मी म्हणूनच तास सुरू करताना मागच्या वेळचं वही मिटून विचारतो.

फर्मागुडीचा_फिटर
हे आमचे जुने फोरमन रोज सकाळी करायचे, कुणाचा पेपर न वाचता. पण असो, अमेरिकेने शिक्का मारला म्हणजे बरोबरच असणार.

तासिका_तत्त्वावर
सगळं छान. आता माझं ऐका. मला तासाचे पैसे मिळतात. दुसऱ्याच्या वर्गात मागच्या बाकावर बसलो तर तो तास कोण देणार? मार्चपासून काजूचा हंगाम, माणसं बोंडू वेचायला. चतुर्थीला वर्ग रिकामा. उरलेल्या दिवसांत शेवटच्या कदंब बससाठी निम्मी बॅच तास संपायच्या आधी उठते. ३० मे २०२५ ला राज्य संपूर्ण साक्षर जाहीर झालं, आनंद आहे, पण त्या 'उल्लास' साक्षरता योजनेत शिकवणारे स्वयंसेवक होते, बिनपगारी. त्यांना कुणी शिकवायला शिकवलं, ते विचारा जरा. सुधारणा म्हटली की ती फुकटात मास्तरानेच करायची, हे ठरलेलंच आहे.

पणजीची_प्रशिक्षिका
यावर मात्र मी तुमच्या बाजूने. सात मंत्रांत मानधन आठवा मंत्र हवा होता. (खेळ मी तरीही घेणार. फुगे नाही, एवढं कबूल.)

डिचोलीचा_मास्तर
तासिकाराव, गुरुवारी माझ्या बॅचला या. तासाचा चहा आणि बटाटवडा माझ्याकडून. शुक्रवारी मी तुमच्याकडे येऊन बसतो.

तासिका_तत्त्वावर
येतो. पण गुरुवारच्या सहीचं रजिस्टर कोणाकडे ते आधी विचारून ठेवा.