अंगकोरची देवळं, चार रात्री, कमी खर्च : सल्ला हवा आहे

मृण्मयी_व

नमस्कार मंडळी. जानेवारीत मी आणि आई (वय ६३, गुडघे दुखतात) कंबोडियात अंगकोरची देवळं बघायला जायचं म्हणतोय. मुक्काम सिएम रीपला, चार रात्री. विमानभाडं सोडून दोघींचा खर्च ४५ हजारांत बसवायचा आहे. शंका अशा :

१. देवळांचं तिकीट एक दिवसाचं पुरेल की तीन दिवसांचं घ्यावं?
२. बँकॉकपर्यंत विमान आणि पुढे बस, हे स्वस्त पडतं असं बऱ्याच ठिकाणी लिहिलंय. करावं का?
३. आईला कुठलं देऊळ झेपणार नाही?
४. दोघी शाकाहारी आहोत.

फोटोपुरतं बघून यायचं नाहीये, शिल्पं नीट बघायची आहेत.

---

प्रस्तर

आधी दुसरी शंका, कारण तिच्यावर बाकीचं ठरतं. बँकॉकहून बस धरू नका. अरण्यप्रथेत-पोइपेत नाक्यावरून जायचा तो मार्ग वर्षानुवर्षं स्वस्तातला म्हणून सांगितला जायचा, पण २०२५ च्या जूनपासून थायलंड-कंबोडिया सीमेवर तणाव वाढला, नाके बंद झाले आणि जुलैत प्रत्यक्ष लढाई झाली. जुने लेख तसेच पडून आहेत, त्यांच्या भरवशावर राहू नका. नाके उघडल्याचं कानावर आलं तरी परतीचं विमान चुकेल अशी जोखीम चार रात्रींच्या सहलीत परवडत नाही.

विमानानेच जा. क्वालालंपूर, बँकॉक किंवा हो चि मिन्ह सिटीला बदलून सिएम रीप गाठता येतं. दोन कंपन्यांची सुटी तिकिटं जोडली तर पैसे वाचतात, पण मधे सामान स्वतः उचलून पुन्हा द्यावं लागतं आणि त्यासाठी त्या देशात प्रवेश घ्यावा लागू शकतो. तिथले व्हिसाचे नियम आधी बघा आणि मधे किमान पाच तास ठेवा. पहिलं विमान उशिरा पोचलं तर दुसरी कंपनी पैसे परत देत नाही. नुसत्या हातातल्या बॅगेवर जमत असेल तर सगळ्यात उत्तम.

नवा विमानतळ २०२३ च्या ऑक्टोबरात सुरू झाला. तो गावापासून ४५ किलोमीटरच्या आसपास आहे, पोचायला तासभर लागतो. जुना विमानतळ गावाला लागूनच होता, त्यामुळे 'पाच डॉलरमध्ये हॉटेल' हे जुन्या लेखांतलं गणित आता चालत नाही. विमानतळाची बस माणशी साधारण ८ डॉलर घेते. टॅक्सीला ३० ते ३५ डॉलर पडतात. दोघींना बसच बरी, फक्त रात्री उशिराचं विमान घेऊ नका.

व्हिसा विमानतळावर ३० डॉलरला मिळतो. घरबसल्या ई-व्हिसा काढला तर रांग वाचते. तो सरकारी संकेतस्थळावरूनच काढा, ज्याचा पत्ता गव्ह डॉट केएचने (.gov.kh) संपतो. हुबेहूब दिसणारी खासगी संकेतस्थळं तेवढ्याच कामाचे दुप्पट पैसे घेतात. शिवाय येण्याआधीच्या सात दिवसांत ई-अरायव्हल फॉर्म भरायचा असतो, तो मोफत आहे. त्याचे कुणी पैसे मागत असेल तर ते पान बंद करा.

---

गोपुर

देवळांच्या तिकिटाचं बोलतो. एक दिवसाचं ३७ डॉलर, तीन दिवसांचं ६२, सात दिवसांचं ७२. म्हणजे पहिल्या दिवसाचे ३७ दिल्यावर पुढचे दोन दिवस साडेबारा-साडेबारा डॉलरला पडतात. शिल्पं बघायची असतील तर तीन दिवसांचंच घ्या. ते दहा दिवसांत कुठल्याही तीन दिवशी वापरता येतं, सलग तीन दिवस फिरायची सक्ती नाही. आईंसाठी मधे एक दिवस विश्रांती ठेवलीत तरी तिकीट वाया जात नाही.

तिकीट अंगकोर वाटच्या दारात मिळत नाही. गावाबाहेरच्या मुख्य तिकीट केंद्रावर किंवा अधिकृत संकेतस्थळावर मिळतं. त्यावर तुमचा फोटो असतो, म्हणून टुकटुकवाला 'मी आणून देतो' म्हणाला तर ते शक्यच नाही. कुणाचं अर्धं वापरलेलं तिकीट विकत घेतलं तर पहिल्याच देवळाच्या दाराशी पकडले जाल. प्रत्येक नाक्यावर तिकीट बघतात, हॉटेलवर विसरलात तर परत फिरावं लागतं.

एक सोय बहुतेकांना ठाऊक नसते. संध्याकाळी पाचच्या सुमारास दुसऱ्या दिवसापासूनचं तिकीट काढलं, तर त्याच संध्याकाळी आत सोडतात आणि तो दिवस मोजत नाहीत. पोचलात त्या दिवशी ते काढून प्रे रूप या देवळावर सूर्यास्त बघा. नोम बाखेंग या टेकडीवरच्या देवळाला जाऊ नका. तिथे एका वेळी ३०० माणसं सोडतात आणि आधीपासून रांग लागते.

वेळा लक्षात ठेवा : अंगकोर वाट आणि स्राह स्रांग (जुना तलाव) पहाटे ५ ला उघडतात, बहुतेक देवळं साडेसातला उघडून साडेपाचला बंद होतात, प्रे रूप आणि नोम बाखेंग संध्याकाळी ७ पर्यंत.

क्रम असा लावा :

पहिला दिवस रोलुओसला, गावापासून १३ किलोमीटर. प्रेआ को (इ.स. ८७९), बाकोंग (८८१), लोलेई (८९३). ही राजधानी अंगकोरच्या आधीची, गर्दी नाही, अर्ध्या दिवसात होतं. विटांची देवळं, दारांवर संस्कृत लेख. इथून सुरुवात केली की पुढे पायऱ्यापायऱ्यांचे देवळ-पर्वत कसे उंच होत गेले ते डोळ्यांनी कळत जातं. अंगकोर वाट पहिल्याच दिवशी बघितलं, तर नंतर रोलुओसकडे कुणी वळून बघत नाही, आणि तो तोटा आहे.

दुसरा दिवस बांतेय स्रेई, तिथून परत येताना पूर्व मेबोन, ता सोम, प्रेआ खान. बांतेय स्रेई गावापासून ३७ किलोमीटर आहे आणि फार लहान आहे. सकाळी साडेसातला दारात हजर राहा, नऊनंतर मोठ्या बसगाड्या येतात आणि त्या अरुंद चौकात उभं राहायला जागा उरत नाही.

तिसरा दिवस अंगकोर वाट, बायोन, ता प्रोम.

टुकटुक दिवसभराच्या बोलीवर घ्या. छोट्या फेरीला (अंगकोर वाट, बायोन, ता प्रोम) १५ ते २०, मोठ्या फेरीला (प्रेआ खान, ता सोम, पूर्व मेबोन, प्रे रूप) २० ते २५, बांतेय स्रेई जोडलं तर वर दहा, पहाटे निघायचं असेल तर अजून तीन-चार डॉलर. देवळांची नावं एकेक करून आधी बोला. नुसतं 'मोठी फेरी' म्हटलं तर त्यात बांतेय स्रेई धरत नाहीत, आणि वाद तिथेच होतात.

---

वेरूळकर

शिल्पांसाठी जाताय म्हणून हे सविस्तर.

अंगकोर वाट पश्चिमाभिमुख आहे. सूर्योदयाला सगळी गर्दी आत शिरताना डाव्या हाताच्या तळ्याशी उभी असते. सूर्य वर आला की निम्मी गर्दी नाश्त्याला पळते. तुम्ही तेव्हाच आत जा आणि थेट मागच्या, पूर्वेच्या सज्जात जा, कारण सकाळचं ऊन तिकडे असतं. डबा बरोबर ठेवा, हॉटेलं आदल्या रात्री सांगितलं तर बांधून देतात.

पूर्व सज्जाच्या दक्षिण भागात समुद्रमंथन आहे, जवळजवळ ५० मीटर लांब. डावीकडे ९२ असुर, उजवीकडे ८८ देव, मधे विष्णू, खाली कूर्म. मधल्या भागात खालची पट्टी वाकून बघा. कडेचे मासे आणि मगरी अख्ख्या आहेत, पण मंदराजवळ येतात तसे त्यांचे तुकडे झालेले कोरलेत. घुसळणीचा जोर शिल्पकाराने नुसत्या माशांवरून दाखवलाय.

तिथून दक्षिण सज्जात वळा. आधी ३७ स्वर्ग आणि ३२ नरक लागतात, रेड्यावर यम आणि पुढे चित्रगुप्त. मग अंगकोर वाट बांधणाऱ्या राजाची, सूर्यवर्मन दुसऱ्याची मिरवणूक. त्यानंतर पश्चिम सज्जात कुरुक्षेत्र : डावीकडून कौरव, उजवीकडून पांडव. डाव्या बाजूला वरच्या अंगाला शरपंजरी भीष्म शोधा. अर्जुनाच्या रथावरचा सारथी चतुर्भुज आहे, त्यावरून कृष्ण लगेच ओळखता येतो. पश्चिमेच्याच उत्तर भागात लंकेचं युद्ध. हे उलट क्रमाने झालं, मूळ क्रम पश्चिमेकडून सुरू होऊन देऊळ डाव्या हाताला ठेवत जातो, पण सकाळच्या उजेडासाठी हाच सोयीचा. गाइड नसला तरी महाभारत ज्याला येतं त्याचं काही अडत नाही. दोन तास द्या, कमी नको.

हाताच्या उंचीवर दगड लोकांचे हात लागून काळा चकचकीत झालेला दिसेल. तिथे हात लावू नका.

बांतेय स्रेई (इ.स. ९६७) राजाने नाही, यज्ञवराह नावाच्या राजगुरूने बांधलं. दगड गुलाबी वालुकाश्म, बाहेरच्या भिंती चक्क जांभ्याच्या, कोकणातल्यासारख्या. दक्षिणेकडच्या ग्रंथालयावर (आवारातल्या छोट्या इमारतीला असं म्हणतात) एका बाजूला कैलास हलवणारा रावण, दुसऱ्या बाजूला मदनदहन. उत्तरेकडच्यावर खांडववनावरचा पाऊस आणि कंसवध. वेरूळच्या कैलास लेण्यातला रावण आधी बघून जा. तिथे त्याचं अंग कड्यातून सुटून बाहेर येतं, इथे तोच प्रसंग हाताच्या पंजाएवढ्या आकृत्यांत बसवलाय, आणि कैलासावरचे घाबरलेले ऋषी, प्राणी एकेक करून मोजता येतात. दुर्बीण असेल तर न्या, दोरीपलीकडे जाता येत नाही.

ता प्रोमच्या डागडुजीचं काम आपल्या भारतीय पुरातत्त्व खात्याने केलंय. आत त्याच्या पाट्या आहेत, थांबून वाचा. पडलेला सभामंडप दगड दगड लावून कसा उभा केला ते कळतं.

---

मृण्मयी_व

खूप खूप धन्यवाद! रोलुओस माझ्या यादीतच नव्हतं. चढण्याचं आणि जेवणाचं कुणी सांगेल का? आणि बेंग मेलिया हे देऊळही बघायचंय, त्याचं तिकीट वेगळं का?

---

अनवाणी

गुडघ्यांसाठी : अंगकोर वाटचा सगळ्यात वरचा मजला, बाकान, याला लाकडी जिना आहे, पण तो भयंकर उभा. चढणं जमतं, उतरताना गुडघ्यांवर सगळा भार येतो. आईंना खाली सज्जात बसू द्या, शिल्पं सगळी खालीच आहेत. बाफुओन देवळाचा माथा, प्रे रूपच्या आणि पूर्व मेबोनच्या वरच्या पायऱ्याही टाळा. प्रे रूपचा सूर्यास्त आई खालून बघतील, किंवा त्यांना स्राह स्रांगच्या काठावर न्या. बायोनला आता वरच्या भागात जाता येतं का ते तिथे विचारा, खालचे सज्जे सपाट आहेत.

सपाट आणि निवांत : बांतेय स्रेई, प्रेआ को, ता सोम, प्रेआ खान. प्रेआ खान लांबलचक आहे आणि उंबरे उंच आहेत. टुकटुकवाल्याला पश्चिम दाराशी सोडायला आणि पूर्व दाराशी थांबायला सांगा, म्हणजे अर्धं चालणं वाचतं. हीच युक्ती ता प्रोमला वापरा.

बाकानवर तुम्हाला जायचं असेल तर बौद्ध उपोसथाच्या दिवशी तो बंद असतो. महिन्यात चारदा येतो : पौर्णिमा, अमावास्या आणि दोन अष्टम्या. घरच्या पंचांगात तिथी बघून तिसरा दिवस ठरवा, एखाद्या दिवसाचा फरक धरा. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. वरून ओढणी घेतलेली चालत नाही, बाह्यांचा कुर्ता घाला.

बेंग मेलिया ६५-७० किलोमीटरवर आहे, २०२० पासून याच तिकिटात. पण जाऊन येऊन अर्धा दिवस जातो आणि गाडीचा खर्च वाढतो. चार रात्रींत मी ते घालणार नाही. को केर आणि नोम कुलेनला तिकीट वेगळं लागतं.

---

तिखटमीठ

जेवण : भाज्यांच्या पदार्थातही फिश सॉस पडतो, 'मांस नको' म्हटलं तरी तो घालतात कारण तो मांसात धरत नाहीत. 'मासे, कोळंबी, फिश सॉस, प्राहोक, अंडं नको' असं तिथल्या ख्मेर भाषेत, लिपीत फोनवर लिहून ठेवा आणि दाखवा. प्राहोक म्हणजे आंबवलेल्या माशांची चटणी, तिचा वास आला की कळेलच. गावात पूर्ण शाकाहारी खानावळी आणि भारतीय हॉटेलं आहेत. देवळांच्या परिसरात मात्र पर्याय कमी आणि महाग, तिथे फळं, नारळपाणी आणि घरचे ठेपले किंवा दशम्या यांवर दुपार काढा.

पैसे : डॉलर आणि रिएल दोन्ही चालतात, एका डॉलरला साधारण ४,००० रिएल. अमेरिकी नाणी कुणी घेत नाही, सुटे रिएलमध्ये मिळतात. मुंबईतून डॉलर घेताना एकेक नोट उजेडात धरून बघा. कडेला एवढीशी चीर, शाईचा ठिपका किंवा शिक्का असला तरी तिथे नोट परत करतात. एक, पाच, दहाच्या नोटा जास्त घ्या. एटीएम दर वेळी चार-पाच डॉलर कापतं.

दोघींचा अंदाज, डॉलरमध्ये : देवळांची तिकिटं १२४, व्हिसा ६०, टुकटुक ७०, साधी स्वच्छ खोली चार रात्री ७०, जेवण ९०, विमानतळाची बस ३२. एकूण ४४६. ४५ हजारांत बसतंय, वर थोडे उरतात ते पाण्याला आणि मोबाइलच्या सिम कार्डाला.

---

गोपुर

@मृण्मयी_व, एक भर. जानेवारीत पहाट गार असते, टुकटुक उघडी, आईंना शाल असू द्या. अकरा ते तीन हॉटेलवर परत या, ऊन जानेवारीतही चटका देतं आणि ती फेरी टुकटुकच्या बोलीत आधीच घालून घ्या, नंतर सांगितलं तर वेगळे पैसे मागतात.